आमची काळी पाचची पेटी

मावश्यांनो, वहिनींनो, आणि भाकरी थापता थापता कान इकडं लावलेल्या सगळ्या पोरींनो. आम्ही अकरा जणी बोलतोय. माईकसमोर तशा तिघीच बसलोय, कारण या खोलीत तिघींच्या वर माणूस मावत नाही. बाकीच्या आठ जणी बाहेर व्हरांड्यात आहेत आणि आम्ही काही चुकीचं सांगितलं तर काचेवर टकटक करणार आहेत. तेव्हा मध्येच आवाज आला तर रेडिओ बिघडला असं समजू नका.

मागच्या महिन्यात आपल्या केंद्रावर शेळीच्या विम्याचं बोलणं झालं, त्याआधी गांडूळखताचं झालं. आम्हाला ताईंनी विचारलं, तुम्ही कशावर बोलणार? आम्ही म्हटलं, पेटीवर. त्यांना वाटलं दागिन्यांची पेटी. नाही हो, वाजवायची पेटी. हार्मोनियम. आम्ही अकरा जणींनी मिळून घेतली आणि तिच्या प्रेमात पडलो, ती गोष्ट सांगायला आलोय. प्रेमात पडलो असं या वयात रेडिओवर म्हणायची थोडी लाज वाटते, पण दुसरा शब्द सापडला नाही.

आमचं गाव कवठेमहांकाळ तालुक्यातलं. द्राक्षाचा आणि बेदाण्याचा मुलूख. हंगामात आम्ही सगळ्या बेदाण्याच्या शेडवर निवडीला असतो. एका ओळीत बसायचं, पुढ्यात बेदाण्याचा ढीग, काडी वेगळी, काळा दाणा वेगळा, हिरवा दाणा वेगळा. हात चालतात, तोंड मोकळं असतं. मग कोणीतरी अभंग सुरू करते आणि बाकीच्या उचलतात. आमचं भजनी मंडळ तिथंच जन्मलं. मालकाची काही हरकत नव्हती, गाणं चालू असलं की निवड वेगानं होते हे त्याला दिसत होतं.

शेडवर गाणं छान व्हायचं. घोटाळा व्हायचा तो देवळात. एकादशीला पुरुषांच्या मंडळाचं भजन झालं की आम्हाला अर्धा तास मिळायचा. पेटी त्यांची, वाजवणारे अण्णाही त्यांचेच. अण्णा चांगले माणूस, पण त्यांची बोटं काळी एक आणि काळी दोन सोडून कुठं जायची नाहीत. आम्हाला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. अण्णा सूर धरायचे, आम्ही सुरू करायचो. खाली गेलो की आवाज घशातच राहायचा, लोकांना वाटायचं बायका पुटपुटतायत. मग आम्ही वरून धरायचो, आणि कडव्याला चढलो की नुसतं किंचाळणं. पोरं हसायची. आमच्यातल्या एका अक्कानं तर दोन वर्षं देवळात गायचंच सोडलं होतं. ती म्हणायची, माझा आवाज बेदाण्यापुरताच आहे गं, देवापुरता नाही.

तर हे लक्षात ठेवा, कारण पुढं याचाच उलगडा होणार आहे. आम्ही सगळ्या कित्येक वर्षं असं धरून चाललो होतो की आपल्याला गळा नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती जरा हळू आवाजात सांगायची. त्या पेटीला आम्ही हात लावायचा नाही असा रिवाज होता. का, ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. महिन्यातले चार दिवस कोणाचे कधी असतील सांगता येत नाही, म्हणून मग महिनाभरच नको. एकदा आमच्या धाकल्या वहिनीनं पेटीवरची धूळ पदरानं पुसली, तर तिला तिथंच सगळ्यांदेखत बोलणं खावं लागलं. ती रडली नाही. घरी आली आणि म्हणाली, आपली पेटी घ्यायची.

मग पैशाचं बोलणं सुरू झालं. आमच्या मंडळाला बारशाला, सत्यनारायणाला, कोणाच्या वर्षश्राद्धाला बोलावतात. कोणी एकशे एक देतं, कोणी पाचशे एक, कोणी नुसता नारळ. नारळ खाऊन टाकलेले सोडले तर डब्यात रोख ३२०० रुपये होते. बचत गटातून कर्ज घ्यावं का, यावर एक अख्खी बैठक झाली. अध्यक्षबाईंनी स्पष्ट सांगितलं, गटाचं कर्ज शेळीला, शिलाई मशीनला, पोरांच्या फीला. पेटी दूध देत नाही. त्यांचं बरोबर होतं, आम्ही कर्ज घेतलं नाही. आमच्यातल्या दोघींना अजूनही वाटतं की घ्यायला हवं होतं. (टकटक झाली. त्या दोघी व्हरांड्यातच आहेत.) शेवटी हंगामातल्या हजेरीतून प्रत्येकीनं ४०० रुपये काढायचे ठरलं. एका मावशीकडं रोख नव्हते, तिनं कोंबडा विकला. अकरा चारशे चव्वेचाळीसशे आणि डब्यातले बत्तीसशे मिळून ७६०० झाले.

एवढ्या पैशात काय मिळतं? पेटी वाजवणारे एक निवृत्त गुरुजी शेजारच्या गावात आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, नवी चांगली घ्यायला गेलात तर याच्या दुपटीनं लागतील. मिरजेला जा, जुनी बघा, आणि घाई करू नका.

मिरज आपल्याला दवाखान्यासाठी ठाऊक. आमच्यातल्या निम्म्याजणी तिथं कोणाच्या ना कोणाच्या ऑपरेशनला बसून आलेल्या. पण मिरज वाद्यांचंही गाव आहे. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे जसा सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला मान आहे तसा. दीडशे वर्षांहून जास्त काळ तिथं ही वाद्यं घडतात. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं जुनं नाव. पूर्वी ते हत्यारं बनवणाऱ्यांच्या घराण्यातले. तलवारींना धार लावणाऱ्या लोकांनी तारा लावायला सुरुवात केली असं तिथं सांगतात. तंबोऱ्याला लागणारा मोठा कडू भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं, भीमेच्या काठच्या रानातून येतो. आमच्या मामी तिथल्याच. त्यांच्या माहेरी असे भोपळे पिकायचे, पण ते पुढं कुठं जातात हे त्यांना साठ वर्षांत कळलं नव्हतं. दुकानात टांगलेले भोपळे बघून त्या अशा उभ्या राहिल्या की जणू माहेरचं माणूस भेटलं.

आम्ही पाच जणी गेलो. अर्ध्या तिकिटात. पहिल्या दुकानात एक नवी कोरी पेटी होती, चॉकलेटी रंग, आरशासारखं पॉलिश, पितळी कड्या. किंमत ७०००. आम्हाला तीच घ्यायची होती. खरं सांगायचं तर साडी बघावी तशी बघत होतो, काठ बघायचे आणि पोत विसरायचा. दुकानदारानं दोन सूर वाजवून दाखवले. आवाज होता, पण पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. आम्हाला वाटलं, पेटीचा आवाज असाच असतो.

गुरुजींनी घाई करू नका म्हटलं होतं म्हणून दुसऱ्या दुकानात शिरलो. तिथं मागच्या बाजूला एक म्हातारे कारागीर खाली मान घालून पितळेची पट्टी घासत बसले होते. आम्ही विचारलं, जुनी पेटी आहे का. त्यांनी फळीच्या खालच्या कप्प्यातून एक काढली. तिच्या लाकडाला चरे पडलेले, एका कोपऱ्याचं पॉलिश उडालेलं, पांढऱ्या पट्ट्या जुन्या दातांसारख्या पिवळट. मामी कानात म्हणाल्या, ही नको गं, बिजवर दिसतेय.

चाचांनी भाता उघडला आणि एकच पट्टी दाबली.

कसं सांगावं? पहाटे जातं फिरायला लागलं की पहिल्या दोन-तीन फेऱ्या खरखर होते आणि मग दगड एकमेकांना सापडतात, घुमायला लागतात, आणि तो घुमारा जमिनीतून आपल्या मांडीत येतो. तसं झालं. आमच्या आयांनी, आज्यांनी कधी पेटीवर ओव्या म्हटल्या नाहीत. त्यांना जातंच सूर द्यायचं. तो सूर आम्ही तीस वर्षांनी त्या दुकानात ऐकला. बोलायचं कोणालाच सुचेना.

मग चाचांनी विचारलं, गाणार कोण? आणि कुठल्या पट्टीत गाता? आम्ही म्हटलं, काळी एक. ते हसले. म्हणाले, म्हणून दाखवा. अक्कानं, तीच देवळात न गाणारी, चार शब्द म्हटले आणि कडव्याला चढताना थांबली. चाचा म्हणाले, थांबा, आता मी सूर धरतो, त्यात म्हणा. त्यांनी बोट हलवलं. अक्कानं डोळे मिटले आणि म्हटलं. आणि बायांनो, आवाज सुटला. पाटाचं दार उघडल्यावर पाणी धावतं तसा. दुकानातलं एक गिऱ्हाईक हातातली तबल्याची वादी खाली ठेवून ऐकत उभं राहिलं. अक्का गाऊन संपली आणि विचारते, हे मीच होते का?

ती काळी पाच होती. आता हे पट्टीचं गणित सांगतो, कारण आमच्यासारख्या खूप मंडळांचा इथंच घात होतो. पेटीवर काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटानं असतात. डावीकडून दोनचा गट म्हणजे काळी एक, काळी दोन. पुढचा तीनचा गट म्हणजे काळी तीन, चार, पाच. मग पुन्हा एकपासून. ज्या पट्टीला आपण सा धरतो ती आपली पट्टी. पुष्कळ पुरुष काळी एक-दोनला सा धरतात. बायकांचा गळा निराळा, आमच्यातल्या बऱ्याचजणींना काळी चार किंवा पाच सोयीची पडते. दुसऱ्याच्या पट्टीत गाणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचं झंपर घालणं. एक तर काखेत रुततं नाही तर खांद्यावरून घसरतं, आणि आपल्याला वाटतं आपलं अंगच वाईट. आमच्या गळ्याला काही झालेलं नव्हतं. आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं.

चाचांनी पेटी उघडून दाखवली. वरची फळी काढली की आत इतकं साधं असतं की आश्चर्य वाटतं. मागचा भाता आपण हातानं हलवतो, तो वारा खालच्या भात्यात भरतो आणि स्प्रिंगच्या दाबानं साठून राहतो, म्हणून सूर तुटत नाही. प्रत्येक पट्टीखाली एक भोक, त्यावर चामड्याची गादी. पट्टी दाबली की गादी उचलते, वारा सुटतो आणि जाता जाता पितळेच्या एका बारीक जिभेला हलवतो. ती जीभ थरथरते, तोच सूर. पीपाणीचं तंत्र थोडंफार असंच. जिभेच्या टोकाशी घासलं तर सूर चढतो, मुळाशी घासलं तर उतरतो. चाचा सकाळपासून तेच करत बसले होते. या पेटीत एका पट्टीला दोन जिभा होत्या, एक खर्जाची आणि एक नराची. खर्ज म्हणजे खालचा जाड सूर. आम्हाला जो जात्यासारखा घुमारा लागला तो त्याचा. त्या जिभा पालिताण्याच्या आहेत असं चाचा म्हणाले. गुजरातेतलं पालिताणा पेटीच्या सुरांसाठी नावाजलेलं आहे.

पेटी ३७ पट्ट्यांची, म्हणजे तीन सप्तकांची. दुकानदार म्हणाला, साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्यांची घ्या, मोठी आहे. चाचांनीच डोळ्यानं नाही म्हटलं. भजनाला तीन सप्तकं पुरून उरतात. वरच्या पाच पट्ट्या कोणी वाजवत नाही आणि पैसे मात्र त्यांचेही द्यावे लागतात.

आता तुम्ही कोणी घ्यायला गेलात तर काय बघायचं, ते चाचांनी आमच्याकडून करून घेतलं तसंच सांगतो. सगळ्या खुंट्या बंद करायच्या, भाता भरायचा आणि हात सोडून द्यायचा. आतला भाता हळू बसला तर बरं, फसकन बसला तर वारा कुठंतरी गळतोय. मग वाऱ्याच्या मुख्य खुंट्या तेवढ्या उघडायच्या, पट्टी एकही दाबायची नाही आणि भाता मारायचा. तरीही सूर निघाला तर एखादी गादी नीट बसत नाही. त्यानंतर एकेक पट्टी अगदी कमी वाऱ्यावर वाजवून बघायची. चांगली जीभ फुंकरीसरशी बोलते, वाईट असेल तर जोर मागते. एकच सूर खालचा आणि वरचा मिळून दाबायचे. आवाज एकजीव झाला पाहिजे, थरथर ऐकू आली तर सूर हललाय. आणि वास घ्यायचा. हसू नका, उंदराचा वास लपत नाही. भोकं पडून लाकडाचा भुसा दिसला तर पेटी फुकट मिळाली तरी आणू नका. चरे आणि उडालेलं पॉलिश यांच्याकडं मात्र बघायचंच नाही, त्यानं सुराला काही होत नाही आणि भाव करायला उपयोग होतो.

आम्ही केला. ८५०० सांगितले होते, आम्ही ६५०० पासून सुरू केलं. दुकानदार म्हणाला, बाई, हे वांगं नाही. मामी म्हणाल्या, वांग्याला तरी चरे नसतात. ७२०० ला तुटलं. वरच्या सप्तकातला एक सूर किंचित उतरलेला होता, तो चाचांनी समोर बसून घासून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. वर जुन्या चादरीची खोळ दिली. उरलेल्या चारशेत एस.टी., चहा आणि पाच वडापाव. गाडीत पेटी मांडीवर होती, चौघींच्या आळीपाळीनं, कारण खाली ठेवायला जीव होईना. कंडक्टरनं विचारलं, बाळ किती महिन्यांचं? वहिनी म्हणाली, तीस वर्षांचं असंल.

घरी आल्यावर काय काय ऐकलं ते सगळं सांगत बसत नाही. एकाच्या घरून आलं की बायका पेटी वाजवणार तर भाकरी कोण करणार. आम्ही भाकरी करूनच वाजवतो, त्यामुळं आता भाकऱ्या लवकर होतात.

वाजवणार कोण, हा खरा प्रश्न होता. वहिनीनं हात वर केला. ती आठवी शिकलेली, पेटीवर बोट कधी ठेवलेलं नाही. दर रविवारी ती आणि अक्का गुरुजींकडं चालत जायच्या. पट्ट्या ध्यानात राहीनात तेव्हा वहिनीनं टिकल्या चिकटवल्या. सा ला लाल, प ला हिरवी, बाकीच्यांना बारीक काळ्या. गुरुजी चष्मा वर करून बघत राहिले. म्हणाले, चाळीस वर्षं शिकवलं पण हे सुचलं नाही. तीन महिन्यांत टिकल्या एकेक करून निघाल्या, लालवाली शेवटी. तिचा चिकटपणा अजून आहे तिथं, आणि वहिनीचं बोट अंधारातही त्यावर बरोबर पडतं. आता आणखी दोघी शिकतायत, एक बासष्ट वर्षांची आणि एक सातवीतली. पेटीला कोणी कधी हात लावायचा यावर आमच्याकडं नियम एकच, हात कोरडे पाहिजेत.

आता रेडिओवर आलोय म्हणून एक मजेची गोष्ट. ही आपली पेटी मूळची इथली नव्हे. साधारण १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये डेबेन नावाच्या कारागिरानं तसलं वाद्य बनवलं, ते पायानं भाता मारायचं, खुर्चीत बसून. आपल्याकडं मांडी घालून बसायची रीत, म्हणून कलकत्त्याला त्याची हातानं भाता मारायची बैठी पेटी झाली. द्वारकानाथ घोष यांचं नाव त्यात घेतात. मग ती नाटकात गेली, कीर्तनात गेली, घराघरात गेली. आपल्या कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे गोविंदराव टेंबे संगीत नाटकांच्या त्या काळात पेटीवादनासाठी नावाजलेले होते. आणि एवढी लाडकी झालेली ही पेटी १९४० साली रेडिओवर बंद झाली! आकाशवाणीनं बंदी घातली. म्हणणं असं की ती परदेशी आहे, तिचे सूर ठरलेले आहेत, दोन सुरांच्या मधली मींड तिला काढता येत नाही. तीसएक वर्षं ही बंदी होती, १९७१ साली उठली, तीही एकदम सगळ्यांसाठी नाही.

त्यांचं म्हणणं खोटं होतं असं नाही. पेटीला मींड नाहीच. आम्ही सा वरून ग वर घसरत जातो तेव्हा पेटी पायऱ्यांनी चढते, हे आता आम्हालाही ऐकू येतं. अशा वेळी वहिनी बोट उचलते, नुसता सा धरून ठेवते आणि आम्हाला जाऊ देते. परत आलो की तिथंच भेटते. म्हणून बंदीबद्दल आमच्यात दोन मतं आहेत. पण स्वस्तात मिळणारं, एकदा लावलं की रोज सूर लावत बसावं न लागणारं, गावातल्या बाईला तीन महिन्यांत हाताशी येणारं वाद्य दुसरं कुठलं सांगा. तंबोरा गोड, पण तो शेडवरून थकून आलेल्या बाईला लावत बसवतो.

मागच्या पावसाळ्यात चूक झाली, तीही सांगायला पाहिजे. पेटी समाजमंदिरात खाली जमिनीवर राहिली. उंदरानं भात्याची घडी कुरतडली. वहिनी भाता मारते तर नुसतं फुस्स. ६०० रुपये गेले आणि पुन्हा मिरज. चाचा रागावले, पेटी माणसात ठेवायची म्हणाले. तेव्हापासून ती पाळीनं एकेकीच्या घरी, फळीवर, खोळीत, डांबरगोळ्यांची पुरचुंडी शेजारी ठेवून असते. महिनाभर वाजली नाही तरी आठवड्यातून एकदा भाता हलवायचा. पट्ट्यांत तेल घालायचं नाही, कितीही करकरल्या तरी.

आणि हळदकुंकू. हे आम्हाला कसं कळलं ते ऐका. गेल्या सप्ताहात पुरुषांच्या मंडळाच्या पेटीच्या दोन जिभा तुटल्या आणि ते आमची पेटी मागायला आले. हो, तेच. बैठक झाली. द्यायची म्हणणाऱ्या सहा, नाही म्हणणाऱ्या पाच. दिली. सात दिवसांनी परत आली ती गळ्यात हार घालून, आणि पट्ट्यांच्या फटीत कुंकू, बुक्का, सगळं. त्यांनी मनापासून पूजा केली होती. पण एक गादी कुंकवानं अडकली आणि सूर बंदच होईना, भाता मारला की तो एकटाच ओरडत बसायचा. वहिनीनं फळी काढून बारीक ब्रशनं साफ केली, आता तिला ते येतं. तेव्हा दसऱ्याला वाद्यं पुजाल तर पेटीवर फूल वाहा, पूड नको. अण्णांनी मात्र पेटी देताना सांगितलं, सूर गोड आहे हिचा, कुठून आणली? आम्ही म्हटलं, मिरजेहून. त्या सप्ताहात आम्हाला गायला अर्धा तास मिळाला, दुपारी दोनला, जेवणं झाल्यावर, निम्मा मंडप घोरत असताना. मांडवाच्या टोकाला उसाच्या ट्रॉलीचा ड्रायव्हर तेवढा बसून होता. त्यानं संपल्यावर एकशे एक रुपये दिले.

अक्का आता देवळात गाते. गेल्या महिन्यात शेजारच्या गावच्या बायकांनी पेटी मागितली. आम्ही सांगितलं, पेटी मिळेल, पण वाजवणारी संगं येईल आणि तिचं जेवण तुमच्याकडं. वहिनी गेली. त्यांच्यातली एक पोर तिच्या शेजारी बसून रात्रभर बोटं बघत होती म्हणे. त्यांचे आत्ता १४०० जमलेत. मिरजेला जाताना आम्हाला बोलवा असं सांगून ठेवलंय, भाव करायला मामी येतील.

ताई खूण करतायत, वेळ संपत आलाय. पेटी आणलीय आम्ही, इथं टेबलावर आहे. मघा तपासून बघितलं तेव्हा वहिनीच्या बांगड्या भात्यावर आपटून माईकमध्ये खणखण येत होती, म्हणून तिनं हाताला रुमाल गुंडाळलाय. व्हरांड्यातल्यांनो, या आत, दाटीवाटीनं बसा, दार उघडं राहू दे. अक्का, पुढं ये. वहिनी, धर काळी पाच.